हौशी सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी नवा म्युझिक डायरेक्टर कसा शोधावा?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका कम्युनिटी ऑर्केस्ट्राच्या बोर्डावर सचिव आहे. साधारण ६० वादक, सगळे हौशी. मानधन फक्त कंडक्टर, कॉन्सर्टमास्टर (पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख) आणि लायब्रेरियनला (स्वरलिपीच्या प्रती सांभाळणारा). सीझनमध्ये ४ कार्यक्रम (ऑक्टोबर, डिसेंबर, मार्च, मे), प्रत्येकाआधी दर बुधवारी अडीच तासांच्या ६ तालमी. वार्षिक खर्च ९० हजार डॉलरच्या आत. म्युझिक डायरेक्टर, म्हणजे आमचे मुख्य कंडक्टर, पुढचा सीझन संपला की थांबणार आहेत. बोर्डावर कोणीच आजवर अशी निवड केलेली नाही.

प्रश्न असे: समितीत कोण असावं? अंतिम फेरीत किती जण? त्यांच्या कार्यक्रमात काय वाजवायचं हे कोणी ठरवायचं? आणि वादकांचं मत कसं घ्यायचं? हात वर करून मतदान नको, एवढंच सध्या ठरलंय.

---

तिसरा_डेस्क

जाहिरात लिहायच्या आधी एक कागद करा: कोणत्या गोष्टीत शेवटचा शब्द कोणाचा. कार्यक्रम कंडक्टर ठरवणार, पण बजेटच्या आत. डेस्कवरची (दोन वादकांच्या सामाईक स्टँडवरची) जागा बदलणं, नव्या वादकाची ऑडिशन, कोणाला थांबायला सांगणं, सोलोइस्ट (एकल वादक) बोलावणं, देणगीदारांना भेटणं, बोर्डाच्या किती बैठकांना यायचं, हे सगळं त्यात हवं. जुने डायरेक्टर बरीच वर्षं असले की यातलं निम्मं त्यांच्या डोक्यात असतं आणि कुठेही लिहिलेलं नसतं. नवा माणूस आला की पहिलं भांडण इथेच होतं, आणि बहुधा ते दुसऱ्या व्हायोलिनच्या पहिल्या डेस्कवरून होतं.

समिती ७ जणांची, म्हणजे मतं समसमान होत नाहीत. बोर्डाचे ३, वादक ३ (एक तंतुवाद्यांतला, एक वुडविंड (फ्लूट, क्लॅरिनेट वगैरे) किंवा ब्रासमधला (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन वगैरे), एक कॉन्सर्टमास्टर), आणि नियमित येणारा एखादा श्रोता किंवा देणगीदार. मावळते डायरेक्टर समितीत नकोत. त्यांना माहिती जरूर विचारा, मत मात्र देऊ देऊ नका. अर्जदारांची नावं फुटली तर त्यांच्या सध्याच्या नोकरीवर गदा येते, म्हणून गुप्ततेवर पहिल्याच दिवशी सह्या घ्या.

वेळापत्रक उलटं मोजा. तुमच्या ४ कार्यक्रमांपैकी डिसेंबरचा नाताळचा असणार. तो उमेदवाराला देऊ नका. त्यात छोट्या छोट्या दहा-बारा रचना, कदाचित गायकवृंद, आणि श्रोते वेगळे. त्यावरून माणूस जोखता येत नाही. म्हणजे राहिले ३, म्हणून अंतिम फेरीतही ३. डायरेक्टरना शेवटचा सीझन पूर्ण करू द्या आणि त्याच काळात चाळणी उरका: सप्टेंबर ते डिसेंबर समिती आणि कामाचं वर्णन, जानेवारीत जाहिरात, मार्चच्या मध्यात अर्ज बंद, एप्रिलमध्ये १० ते १२ जणांच्या व्हिडिओवर अर्ध्या तासाच्या मुलाखती, मेअखेर ३ नावं जाहीर. त्यानंतरचा सीझन उमेदवारांचा, आणि त्याच्या शेवटी निर्णय.

मधल्या वर्षी डायरेक्टर नसेल. सोलोइस्ट, हॉल आणि पार्ट्सची (प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या स्वरलिपीची) मागणी हे आदल्या वसंतातच ठरवावं लागतं, नाहीतर जुलैत सगळे एकमेकांना ईमेल करत बसतात. जागा आणि ऑडिशनचे निर्णय त्या वर्षापुरते कॉन्सर्टमास्टर आणि पर्सोनेल मॅनेजर (वादकांची व्यवस्था पाहणारा) मिळून घेतील असा ठराव करा. डिसेंबरचा कार्यक्रम पाहुण्या कंडक्टरला द्या, आणि तो अर्जदार नाही याची खात्री करा.

अर्जासोबत दोन व्हिडिओ मागा, त्यातला एक तालमीचा: सलग, न कापलेला, १५ ते २० मिनिटांचा, कॅमेरा कंडक्टरकडे तोंड करून. कार्यक्रमाचा व्हिडिओ सगळ्यांचाच देखणा असतो. तालमीचा व्हिडिओ मागितला की अर्ज कमी येतात, आणि ते बरंच आहे.

---

उलटा_बो

तिसरा_डेस्क यांच्याशी बव्हंशी सहमत. उमेदवारांच्या कार्यक्रमाबद्दल थोडं.

तिघांना सारखाच साचा द्या: १० मिनिटांच्या आतलं ओव्हर्चर (सुरुवातीची छोटी रचना), एक कॉन्चेर्तो (सोलोइस्ट आणि ऑर्केस्ट्रा), एक सिम्फनी. कॉन्चेर्तो प्रत्येकाला सक्तीचा. सोलोइस्टने कडेन्झा (एकट्याने वाजवायचा भाग) संपवून ट्रिल (दोन लगतच्या स्वरांची भरभर अदलाबदल) धरली की ऑर्केस्ट्राला नेमकं कधी आत घ्यायचं, इथे हाताचा खरा कस लागतो. वाद्यसंख्येची मर्यादा आधीच लिहून द्या: २ फ्लूट, २ ओबो, २ क्लॅरिनेट, २ बसून, ४ हॉर्न, २ ट्रम्पेट, ३ ट्रॉम्बोन, १ ट्यूबा, टिंपनी आणि २ तालवादक. ती नसेल तर एक जण द्वोर्झाकची आठवी सिम्फनी घेईल आणि दुसरा रेस्पिघीची मोठ्या ऑर्केस्ट्राची रचना मागेल, मग भाड्याचा हार्प आणि बाहेरचे वादक कोणाच्या खर्चात?

सिम्फनीसाठी ७-८ नावांची यादी द्या आणि त्यातून निवडायला सांगा. यादी करताना वादकांना काय वाजवायला मिळतं तेही पाहा. ब्रह्म्सच्या पहिल्या सिम्फनीत ट्रॉम्बोन पहिले तीन भाग गप्प असतात, आणि चौथ्यात पहिला प्रवेश हळू आवाजातला, वर पहिल्या ट्रॉम्बोनला उंच ए स्वर. अर्धा तास थंड बसून तो लावायचा. द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीत ट्यूबा फक्त दुसऱ्या भागात, तोही मोजक्या स्वरांपुरता. अशा वेळी तालमीचं वेळापत्रक आधी देणारा, ब्रह्म्सचा चौथा भाग तालमीच्या सुरुवातीला घेऊन ट्रॉम्बोनला लवकर सोडणारा कंडक्टर हौशी लोकांच्या वेळेची किंमत जाणतो. ही गोष्ट मुलाखतीत कळत नाही.

आणखी एक फजिती टाळा. उमेदवार स्वतःचा बेरेनरायटर या प्रकाशकाचा स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) घेऊन येतो, तुमच्या लायब्ररीत काल्मुस या दुसऱ्या प्रकाशकाचे जुने पार्ट्स. रिहर्सल अक्षरं (तालमीत जागा सांगण्यासाठी छापलेली ए, बी, सी) जुळत नाहीत, काही ठिकाणी स्लर (स्वर जोडण्याच्या खुणा) आणि डायनॅमिक्सही (आवाज लहान-मोठा करण्याच्या खुणा) वेगळे. ‘जी पासून’ म्हटलं की निम्मे लोक भलतीकडे. नाव जाहीर झाल्यावर लगेच तुमच्या आवृत्तीचा स्कोअर पाठवा. बोइंग्ज (बो वर की खाली ओढायचा याच्या खुणा) पहिल्या तालमीच्या निदान ३ आठवडे आधी कॉन्सर्टमास्टरकडून प्रिन्सिपल्सकडे (प्रत्येक गटाच्या प्रमुखांकडे) जायला हव्यात, आणि पार्ट्स वादकांच्या हातात ४ आठवडे आधी. उमेदवाराला स्वतःच्या बोइंग्ज हव्या असतील तर तारीख पाळावी लागेल. न पाळणाऱ्याची नोंद ठेवा.

---

कोमल_ग

वादकांचं मत: छापील किंवा ऑनलाइन फॉर्म, निनावी, पण सेक्शनचं नाव सक्तीचं. सात-आठ प्रश्न, १ ते ५ गुण, शेवटी दोन ओळी मोकळ्या. प्रश्न कामाचे हवेत. थांबवल्यावर कारण सांगितलं का? बार नंबर स्पष्ट दिला का? टेम्पो बदलताना हात आधी दाखवला का? अडचण ऐकून नेमका उपाय सुचवला का, की नुसतं ‘पुन्हा एकदा’? वेळेवर सुरू केलं आणि वेळेवर सोडलं का? ‘तुम्हाला हे आवडले का’ हा प्रश्न ठेवूच नका.

फॉर्म दोनदा भरून घ्या: पहिल्या तालमीनंतर आणि कार्यक्रमानंतर तीन दिवसांत. पहिल्या दिवशी विनोदी माणूस जिंकतो. चौथ्या तालमीला तोच विनोद पुन्हा आला की गुण उतरतात.

सरसकट सरासरी काढू नका. ६० मध्ये ४० तंतुवाद्यं असतील तर ती सरासरी म्हणजे तंतुवाद्यांचंच मत. तंतुवाद्यं, वुडविंड, ब्रास आणि तालवाद्यं असे वेगळे आकडे मांडा, आणि गुण किती विखुरलेत तेही पाहा. सगळ्यांनी ३ दिले आणि निम्म्यांनी ५, निम्म्यांनी १ दिले, सरासरी एकच; पण दुसऱ्या प्रकारात वर्षभरात वादक सोडून जातात. व्हायोला सोडून गेले तर परत मिळत नाहीत.

निकाल समितीला सल्ला म्हणून जाईल, निर्णय बोर्डाचा, हे फॉर्मच्या पहिल्या ओळीत लिहा. नाहीतर लोक त्याला निवडणूक समजतात.

---

हिशेबनीस

पैशाचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

शोधाचं बजेट वेगळं काढा: प्रत्येक उमेदवाराचं मानधन, दोन-तीन फेऱ्यांचा प्रवास, राहणं, पियानो ट्यूनिंग, जाहिरात. लांबचा उमेदवार सहाही बुधवारी येऊ शकत नाही. त्याच्यासाठी ६ ऐवजी शेवटच्या आठवड्यात ४ तालमी सलग ठेवल्या तर तुलना बिघडते, कारण त्याच आठवड्यात ऑफिसला जाणारे वादक गळतात. सगळ्यांना एकच वेळापत्रक लावा, मग तो जवळचा असो की लांबचा.

संगीताच्या हक्कांचं: ना-नफा संस्थांना अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ११०(४) खाली सूट आहे असं बोर्डावर कोणीतरी हमखास सांगतं. ती सूट वादक, कंडक्टर किंवा आयोजक कोणालाही त्या कार्यक्रमाचे पैसे मिळत नसतील तरच. तुम्ही कंडक्टरला मानधन देता, म्हणजे विषय संपला. हक्क शिल्लक असलेल्या रचनेसाठी ॲस्कॅप किंवा बीएमआयसारख्या, संगीतकारांच्या वतीने सादरीकरणाचे परवाने देणाऱ्या संस्थेचा परवाना हवाच. पार्ट्सचं भाडं त्याहून वेगळं.

करार तीन वर्षांचा, दोन्ही बाजूंनी नोटिशीची मुदत लिहिलेली. तो नोकर की स्वतंत्र कंत्राटदार, हे तुमच्या मनावर नाही. कामावर नियंत्रण कोणाचं यावर आयआरएस (अमेरिकेचं करखातं) ठरवतं. अकाउंटंटला आधी विचारा. तुमची वार्षिक जमा ५० हजार डॉलरच्या वर असेल तर ९९०-एन (ना-नफा संस्थांचा सगळ्यात छोटा वार्षिक करफॉर्म) चालत नाही, त्याहून मोठा ९९०-ईझेड भरावा लागतो. बहुधा भरत असालच.

---

तिसरा_डेस्क

ज्यांना वाटतं की सगळं एका माणसावर असतं, त्यांच्यासाठी: मुंबईचे मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये १९६४ साली अमेरिकन यूथ सिम्फनी. ती त्यांनी १९९८ पर्यंत चालवली. त्यांच्यानंतर दोन डायरेक्टर आले, दोन्ही बदल निभावले. २०२४ मध्ये संस्था बंद झाली ती पैशाअभावी. म्हणून बोर्डाने फक्त कंडक्टर शोधून हात झटकू नयेत.

---

मंद्रसप्तक

खूप आभार सगळ्यांचे. एक अडचण राहिली. आमचे कॉन्सर्टमास्टर स्वतःच अर्ज करणार असं दिसतंय. आणि ३ उमेदवारांचा पूर्ण सीझन झेपला नाही तर?

---

उलटा_बो

अर्ज करायचाय तर समितीतून आजच बाहेर, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या व्हायोलिनचे प्रिन्सिपल. त्यांचा कार्यक्रम असेल तेव्हा पहिल्या खुर्चीवर उप-कॉन्सर्टमास्टर बसतील. बाकीच्या दोघांच्या वेळी ते स्वतः बसणार की नाही, हे त्या उमेदवारांना आधी कळवा. मला विचाराल तर त्यांनी तिन्ही कार्यक्रमांना खुर्ची सोडावी. प्रतिस्पर्ध्याच्या बोइंग्ज स्वतः लिहिणं कोणालाच सुखाचं नाही.

सीझन झेपत नसेल तर दोन बुधवारी ऑडिशन घ्या. प्रत्येकी ४० मिनिटं: २० मिनिटं ओळखीच्या सिम्फनीचा एक भाग, १२ मिनिटं कॉन्चेर्तो, उरलेली ८ मिनिटं न पाहिलेलं पान. एका संध्याकाळी ३ जण, मध्ये १५ मिनिटं चहा. तिघांनाही तेच उतारे द्या, पण पहिल्याच्या वेळी ऑर्केस्ट्रा कच्चा असतो आणि तिसऱ्याला तयार मिळतो, म्हणून आदल्या बुधवारी पाहुण्या कंडक्टरकडून ते उतारे दोनदा वाजवून घ्या. यात पटकन दुरुस्ती करणारा चमकतो. वर्षभराचा कार्यक्रम कसा आखेल हे कळत नाही, त्यासाठी प्रत्येकाकडून तुमच्या बजेटमध्ये बसणाऱ्या ४ कार्यक्रमांची वाद्यसंख्या आणि मिनिटांसह लेखी यादी मागा.