शिकवणीच्या मतभेदावरून मंडळीतून काढलं गेलं, त्यांचे अनुभव

सलाम. हा धागा मुद्दाम काढतेय. जागेवरून, पैशावरून, ट्रस्टच्या निवडणुकीवरून ख्रिस्ती मंडळ्यांत होणारी भांडणं सगळ्यांना ठाऊक आहेत, कोर्टात त्यांच्या तारखाही पडत असतात. पण शास्त्रातल्या एखाद्या गोष्टीचा अर्थ वेगळा लावला म्हणून ज्यांचं नाव सभासदांच्या यादीतून कमी झालं, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती माणसं दुसरी मंडळी धरतात किंवा रविवारी घरी बसतात, आणि नातेवाईक विषय टाळतात.

मतभेदांना जागा करून द्यायची रीत आपल्याकडे नव्हती असं नाही. 1929 पासून चाललेल्या बोलण्यांनंतर 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे होते आणि विश्वास कबूल केल्याशिवाय बाप्तिस्मा नाहीच म्हणणारेही होते. दोघांनाही एका घटनेत बसवलं. त्यासाठी चाळीस वर्षं लागली, पण लोक बसून बोलले. मला हेच विचारायचं आहे: तुमच्याशी कुणी बसून बोललं का?

मंडळीचं आणि पाळकाचं नाव लिहू नका. वाद कशावरून होता आणि पुढे काय झालं, ते सविस्तर लिहा.

नेवासेकर

माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, पंधराव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करण्याचा विधी. नोकरीसाठी पुण्याला आल्यावर शास्त्र स्वतः नीट वाचायला लागलो. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय: फिलिप्प आणि तो हबशी अधिकारी दोघेही पाण्यात उतरतात. आधी विश्वास, मग पाणी. मला ते पटलं आणि मी एका स्वतंत्र मंडळीत बुडवून बाप्तिस्मा घेतला.

गावाकडे बातमी पोचायला वेळ लागत नाही. आमच्या जुन्या मंडळीचं म्हणणं असं, की बाप्तिस्मा एकदाच होतो, देव त्यात आपला शब्द देतो. दुसऱ्यांदा घेणं म्हणजे पहिल्या वेळी देवानं काही केलंच नाही असं म्हणणं. हा विचार हलका नाही, आज मला तो जास्त कळतो. पण पंचांच्या बैठकीत तो मला कुणी समजावून सांगितला नाही. तिथे एवढंच विचारलं, "घेतलास की नाही?" मी हो म्हणालो. माझं नाव कमी झालं.

पुढच्या प्रभुभोजनाला मी वडिलांशेजारी बसलो होतो. छोट्या पेल्यांची थाळी आमच्या रांगेत आली. वडिलांनी आपला पेला उचलला, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या समोरून हात लांब करून थाळी पलीकडच्या माणसाला दिली. ते मंडळीत आयुष्यभर वाढलेले, नियम मोडणं त्यांना शक्य नव्हतं. पेला त्यांनी हातात धरला तो भजन संपेपर्यंत तसाच होता.

आता पुढचं. लग्न ठरलं ती मुलगी माझ्या जुन्या मंडळीतलीच. नवी मंडळी म्हणाली, तिनं आधी बुडवून बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर लग्न लावणार नाही. जुनी मंडळी लग्नाआधी उपासनेत करायचा पुकारा माझ्या नावानं करणार नाही. ती म्हणाली, मी लग्नासाठी बाप्तिस्मा घेणार नाही, ते देवाशी खोटं बोलणं होईल. शेवटी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस लावली, तीस दिवस थांबलो आणि निबंधकापुढे सह्या केल्या. घरी आल्यावर तिच्या आजीनं स्तोत्र 121 म्हटलं. आमच्या लग्नातली उपासना तेवढीच.

मिरजेची नर्स

आमचं वाद होण्याचं कारण औषध. ज्या प्रार्थनामंडळीत मी जायची तिथे आरोग्यदानावर भर होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा स्वतःचा ताप प्रार्थनेनं उतरलेला आहे असं मी आजही साक्षीत सांगेन. पण हळूहळू शिकवण अशी होत गेली की गोळी घेणं म्हणजे अविश्वास. साक्ष द्यायला उभी राहणारी बाई आधी सांगायची की मी औषधं बंद केली, मग टाळ्या.

आमच्यातल्या एका मावशींनी इन्सुलिन बंद केलं. त्यांच्या पायाला जखम होती. मी रोज वॉर्डात असे पाय बघते, वास आला की समजतं. मी त्यांना घरी जाऊन सांगितलं, मग पाळकांना सांगितलं, आणि ते ऐकेनात तेव्हा बायकांच्या सभेत उभी राहून वचन वाचलं: "निरोग्यांना वैद्याची गरज नाही, तर दुखणाइतांना आहे." हे प्रभूचे शब्द आहेत. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. तीमथ्याला पौल पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, प्रार्थना करून सोडून दे म्हणत नाही.

मला सांगण्यात आलं की तुझ्यात संशयाचा आत्मा आहे, मंडळीत पसरण्याआधी तू बाहेर हो. पुढच्या रविवारी व्यासपीठावरून माझं नाव घेतलं आणि "हिच्याशी संगत ठेवू नका" असं जाहीर केलं. मावशींच्या पायाचा अंगठा काढावा लागला. ड्रेसिंग मी करत होते. त्यांची सून दाराबाहेर उभी राहायची, कारण माझ्याशी बोललं तर तिचंही नाव घेतलं जाईल अशी तिला भीती होती.

मी विश्वास सोडलेला नाही. डॉक्टरच्या हातालाही देवच यश देतो, एवढंच माझं मत आहे. एवढ्यासाठी मला काढलं.

पिंपरीहून

माझं थोडक्यात. दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा मंडळीला देणं. मलाखी 3:10 दर महिन्याला वाचलं जायचं, न देणारा देवाला ठकवतो म्हणून. मी तरुण संघाच्या अभ्यासात 2 करिंथ 9:7 काढलं, की देणं भाग पडतं म्हणून देऊ नये, संतोषानं देणारा देवाला प्रिय असतो. विचारलं, मग दोन्हींचा मेळ कसा घालायचा? खरोखर विचारत होतो. त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं, आणि रविवारी गिटार वाजवायला दुसरा मुलगा उभा होता.

वसईवाला

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे असं एका बैठकीत नाव कापत नाहीत, म्हणून थोडं वेगळं लिहितो. कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, पाखंडासाठी बहिष्काराची शिक्षा आपोआप लागू होते असं कलम आहे, 1364. पण साध्या माणसाला कुणी फादर त्या कलमावर बोलावत नाही. ते लागतं ते लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्यांना.

आपल्या शेजारचं उदाहरण श्रीलंकेचे फादर तिस्सा बालसूरिया. बौद्धांच्या देशात राहून त्यांनी प्रश्न विचारला, की मूळ पापाची, म्हणजे माणूस जन्मतःच पापात असतो ही, शिकवण जशी सांगितली जाते तशी इथल्या लोकांपुढे कशी मांडायची? मरियेला फक्त नम्र, मुकी माता म्हणून का दाखवायचं? रोमनं त्यांना सही करायला खास श्रद्धाकबुली लिहून पाठवली. ती त्यांनी नाकारली आणि पोप सहावे पॉल यांच्या कबुलीवर, स्वतःची एक ओळ जोडून, सही केली. जानेवारी 1997 मध्ये त्यांना बहिष्कृत केलं. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. जगभरातून आवाज उठला, पुन्हा बोलणी झाली, आणि जानेवारी 1998 मध्ये बहिष्कार मागे घेतला. एका वर्षात मागे घेता येतो, तर आधीच आणखी एक वर्ष बोलता आलं नसतं का, हा माझा प्रश्न आहे.

गोव्याचे आल्वारिस यांचं तसं झालं नाही. 1836 मध्ये वेर्ण्यात जन्म, कॅथलिक धर्मगुरू, वर्तमानपत्रं चालवणारा माणूस. तिथला वाद शिकवणीपेक्षा अधिकाराचा होता, इथल्या चर्चवर पोर्तुगालच्या राजसत्तेचा हक्क (त्याला पाद्रोआदो म्हणत) की रोमचा. ते बहिष्कृत झाले, 1889 मध्ये केरळच्या ऑर्थोडॉक्स बिशपांच्या हातून बिशप झाले, आणि 1923 मध्ये वारले ते परत न जाता. त्यांचे अवशेष आज रायबंदरच्या सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. पणजीला गेलात तर वाट वाकडी करून जा. मी गेलो होतो, बराच वेळ बसलो.

मराठवाड्यातला एक पंच

वरचं सगळं वाचलं. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणारा आहे, आणि माझं म्हणणं कुणाला आवडलं नाही तरी लिहितो.

आमच्या एका बंधूंनी घरोघरच्या प्रार्थनासभेत शिकवायला सुरुवात केली, की ख्रिस्त देव नाही, देवानं निर्माण केलेला श्रेष्ठ पुरुष आहे. माणूस अभ्यासू, वागायला चोख. मत्तय 18 मध्ये क्रम दिला आहे: आधी एकांतात, मग दोघातिघांसह, मग मंडळीपुढे. आम्ही त्याच क्रमानं गेलो. त्यांच्या घरी जेवलो, त्यांची पुस्तकं वाचली, आमची त्यांना दिली. शिकवू नका, बाकी या, बसा, गा, असंही म्हणालो. ते म्हणाले, मला सत्य कळलं असताना गप्प बसणं पाप आहे. मग आम्ही नाव कमी केलं.

मंडळी कशावर उभी आहे हे सांगायचा मंडळीला हक्क असलाच पाहिजे. त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव यावर, विश्वास नसलेला माणूस भला असू शकतो, पण आमच्या मुलांना बाप्तिस्म्याची तयारी तो कशी देणार? नर्सताईंच्या बाबतीत झालं तो अन्याय आहे, मी तिथे असतो तर तसं म्हटलं असतं. दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालू नका.

सोलापूरची मुलगी

पंचकाका, तुम्ही जेवलात त्यांच्या घरी, हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे कुणी आलं नाही, म्हणून विचारते: काढल्यानंतर काय?

माझे वडील नरकाच्या शिकवणीवरून बाहेर झाले. देव माणसाला अनंतकाळ जाळत ठेवील हे त्यांना मान्य नव्हतं, आणि संडे स्कूलला मुलांना ते शिकवायला त्यांनी नकार दिला. ते गेले तेव्हा दफनभूमी मंडळीची, आणि आत जागा मिळायला पाळकाचं पत्र लागतं. पेटी घरात, बर्फाचं पाणी फरशीवर येतंय, आई टॉवेल बदलतेय आणि मी फोनवर. सगळे गोड बोलत होते. "कमिटीला विचारावं लागेल." आमच्या आजोबा-आजीच्या कबरी तिथेच आहेत, वडील दर नाताळाआधी त्या रंगवायचे. शेवटी दुसऱ्या पंथाच्या एका पाळकसाहेबांनी त्यांच्या दफनभूमीत जागा दिली आणि प्रार्थनाही केली. आपल्या मताचा माणूस आहे का हे त्यांनी विचारलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सभासदत्व काढा, शिकवण्याचं काम काढा. दफन त्यात घालू नका.

केडगावच्या जवळून

पंडिता रमाबाईंचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला आणि लगेच प्रश्न सुरू. त्रैक्याबद्दल, ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचा. रमाबाई स्पष्ट लिहितात की मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण धर्मगुरूंच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. समोरच्यांना त्रास झाला, रागही आला, पण पत्रांना उत्तरं येत राहिली. त्याच बाई पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या 1905 च्या आत्मिक जागृतीत होत्या, आणि मूळ भाषांवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. पहिल्याच वर्षी नाव कापलं असतं तर?

नवीन सभासद

मला येत्या रविवारी उपासनेनंतर बोलावलंय. अन्य भाषा, म्हणजे प्रार्थनेत आत्म्यानं तोंडी येणारी न शिकलेली भाषा, बोलल्याशिवाय पवित्र आत्मा मिळालाच नाही असं मी मानत नाही, म्हणून. काय करू?

नेवासेकर

आरोप लेखी माग. घटनेची प्रत माग, काढायचा अधिकार पाळकाला आहे की सर्वसाधारण सभेला, ते त्यात असतं. एकटा जाऊ नकोस.

मिरजेची नर्स

1 करिंथ 12:30 खूण करून ने. "सगळेच अन्य भाषा बोलतात काय?" असं पौल स्वतः विचारतो. शांतपणे वाच आणि उत्तर माग.

मराठवाड्यातला एक पंच

बैठकीचं टिपण लिहून घ्या आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. काढलंच तर बदलीचं पत्र मागून घ्या, दुसऱ्या मंडळीत ते लागतं. गाव जवळ असेल तर कळवा, मी येऊन बसेन.