मंडळाच्या जुन्या वह्या स्कॅन करायच्यात, कशा कराव्यात?

बियाणेवाला (परभणी)

राम राम मंडळी. माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. गेल्या दिवाळीपासून आमच्या नाणे-तिकीट संग्राहक मंडळाचं चिटणीसपण गळ्यात पडलंय. सभेला मी उशिरा पोचलो, तोवर ठराव होऊन गेला होता.

त्याबरोबर दोन पत्र्याच्या पेट्या आणि एक गोणी आली. मंडळाची खोली एका वाड्याच्या माडीवर होती. वाडा पाडायला काढला, म्हणून सगळं उचलून माझ्या गोदामात आणून टाकलं. एका रविवारी बसून पाहिलं. सभावृत्तांताच्या सात वह्या, फुलस्केप, कापडी पाठीच्या. वर्गणीची पावतीपुस्तकं. लिलावाच्या याद्या, बहुतेक सायक्लोस्टाइल, कागद पापडासारखा झालेला. पत्रव्यवहाराच्या फायली, टाचण्या गंजून कागदात रुतलेल्या. मंडळाच्या पत्रकाचे अंक आणि त्यांच्या सात-आठ फ्लॉपी. सगळी मिळून साडेतीन हजार पानं भरतील.

यात एक वही वेगळी आहे. मंडळाच्या पहिल्या पिढीतल्या एका सभासदाची ही खरेदीवही, निजामाच्या काळातली, त्यांच्या मुलाने नंतर मंडळाला दिली. मजकूर उर्दूत, आकडे कुठे उर्दू कुठे मराठी. प्रत्येक नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा, शेजारी वजन तोळा-मासा-गुंजांत, किती हाली रुपयांना (निजामाच्या राज्यातल्या) घेतलं आणि कुठे मिळालं. सातवाहनांची शिशाची नाणी आहेत. ‘खुजिस्ता बुनियाद’ टाकसाळीचे, म्हणजे औरंगाबादेत पाडलेले मोगल रुपये आहेत. मला उर्दू येत नाही. पण मागच्या कुणी चिटणीसाने वहीच्या शेवटी मराठीत सूची करून ठेवली आहे, ती वाचून मी हे सांगतोय. सूचीतल्या गावांत पैठण आहे, भोकरदन आहे आणि तेर तर एकोणीस वेळा आहे. नाणी केव्हाच पांगली, वही तेवढी राहिली.

कार्यकारिणीचं म्हणणं असं: झेरॉक्सवाला दोन रुपये पानाने यंत्रातून सरासर ओढून डीव्हीडी करून देतो. सात हजारांत काम, मग कागद रद्दीला. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सभेत सांगता आलं नाही. जाणकारांनी सांगावं.

अक्षरजुळारी (छत्रपती संभाजीनगर)

आधी एक सांगा, गोदामात युरिया आहे का? असेल तर हे वाचून होईपर्यंतसुद्धा थांबू नका, पेट्या घरात न्या. युरिया हवेतली ओल ओढतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. शिवाय बियाण्यामागे उंदीर येतात आणि उंदराला तुमचा सातवाहन आणि मका सारखाच.

आता झेरॉक्सवाल्याचं. मी तीस वर्षं डीटीपी केलंय, ती यंत्रं मला माहीत आहेत. कागद आपोआप ओढणाऱ्या यंत्रात सायक्लोस्टाइलचा पापड घातलात की बाहेर भुगा येईल. आणि तो दोन रुपयांत जे देतो ते निव्वळ काळं-पांढरं असतं, करड्या छटा नसतात. हिशेब तपासणाऱ्याच्या तांबड्या खुणा, जांभळे शिक्के, पेन्सिलीचे शेरे, सगळं एकतर काळं होतं नाहीतर उडतं. पेन्सिलीच्या ठशाचा तर डाग होईल डाग. ती वही कोणत्याही यंत्राच्या रुळाखाली जाता कामा नये, शिसं पुसलं जातं.

साध्या फ्लॅटबेडची, म्हणजे काचेवर पान ठेवायच्या स्कॅनरची, अडचण वेगळी. फुलस्केप पान साधारण १३ इंच उंच, ए-४ ची काच पावणेबारा. वरची ओळ किंवा खालची सही राहते, आणि सभावृत्तांतात सहीच तर महत्त्वाची. म्हणून वह्यांचे फोटो काढा. कॅमेरा वर स्टँडला बांधून खाली तोंड, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून दोन दिवे, फ्लॅश बंद, खाली काळं कापड. वही पूर्ण उघडत नसेल तर जबरदस्ती नको, न उघडणाऱ्या बाजूखाली उशी द्या. ठशांचं शिसं पुसू नये म्हणून त्या वहीवर काच दाबायची नाही. बाकीच्यांवर चालेल.

१२ मेगापिक्सेलचा मोबाइल असेल तर फोटो ४०००×३००० चा येतो. १३ इंचांच्या पानाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पकडले तर ३९०० लागतात. म्हणजे काठोकाठ बसतं, पण बसतं. फक्त ते ‘डॉक्युमेंट स्कॅन’वालं अ‍ॅप वापरू नका, ते स्वतःच्या मनाने पान पांढरंशुभ्र करतं आणि पेन्सिल खातं. ठशांच्या वहीला ६०० हवेत, तेव्हा एकेक पान तुकड्यातुकड्यांत घ्या. प्रत्येक फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवा. नाण्याचा व्यास पुढे कुणाला मोजायचा असेल तर त्याशिवाय कशावर मोजणार?

मूळ प्रत टिफमध्ये (काही न गाळता चित्र साठवणारी फाइल) ठेवा, वाचायला पीडीएफ वेगळी. फुलस्केपचं एक रंगीत पान ३०० ला सुमारे २८ एमबी होतं, साडेतीन हजारांचे शंभर जीबीच्या आतबाहेर. डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, म्हणजे वीस-बावीस डीव्हीडी आणि पाच वर्षांनी त्या घालायला ड्राइव्ह शोधत फिरा. हार्डडिस्क घ्या.

फ्लॉपीचं सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. त्या काळची पत्रकं पेजमेकर या सॉफ्टवेअरात, श्रीलिपीच्या फॉन्टात जुळवलेली असणार. फाइल उघडली तरी तो फॉन्ट नसेल तर सगळं गचाळ दिसतं, कारण ते युनिकोड, म्हणजे आजचं सगळीकडे वाचता येणारं, नव्हे. छापील अंक हाच मूळ समजा आणि तो स्कॅन करा. छापील मराठी टेसरॅक्टसारखी मोफत प्रणाली बऱ्यापैकी वाचते. हाताचं अक्षर मात्र माणसानेच वाचावं लागेल.

चावडी (कंधार)

मी निवृत्त तलाठी. मशिनीतलं मला काही कळत नाही, तारखांचं कळतं.

त्या खरेदीवहीत जे साल आहे ते फसली, म्हणजे निजामाच्या सरकारी दप्तरातलं, असणार. आपल्या हैदराबाद संस्थानात १ आजूर म्हणजे ऑक्टोबरच्या ६ तारखेच्या आसपास वर्ष लागायचं. आजूर ते डिसेंबरअखेर ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे १३५२ फसलीचा आजूर हा ऑक्टोबर १९४२, आणि त्याच फसलीतला मे महिना १९४३ चा. पुष्कळ पोरं डोळे झाकून ५९० मिळवतात आणि एका वर्षाने चुकतात. शिवाय नाण्यावरचं साल हिजरी, वहीतलं फसली. दोन्ही चौदाव्या शतकातली दिसतात म्हणून त्यांची खिचडी करू नका.

महिने लिहून घ्या, सूची करताना लागतील: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान.

हाली रुपयाचाही हिशेब ठेवा, सात हाली म्हणजे सहा कळदार (इंग्रजी रुपये). सूचीत नुसतं ‘रुपये’ लिहून मोकळं होऊ नका.

आणि दादा, रद्दीचं काय बोलायलेत तुमचे लोक? मंडळ नोंदणीचं असेल तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्जाचं (नोंदीतले बदल कळवायचं) काम निघालं की ठरावाची मूळ वही लागते. तिथे मोबाइल दाखवून भागत नाही. माझ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या त्या ‘मूळ कुठाय’ या प्रश्नावर.

बियाणेवाला (परभणी)

युरियाचं वाचून लाजलो. पेट्या काल रात्रीच घरी आणल्या, बायकोने देवघराशेजारची भिंत दिली. डांबरगोळ्या टाकाव्यात का? आणि फाटलेल्या पानांना सेलोटेप लावली तर चालेल?

अक्षरजुळारी (छत्रपती संभाजीनगर)

सेलोटेप नको, नको, नको. तिचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही. लॅमिनेशनही नको. फाटलेलं पान तसंच फोटोत घ्या आणि कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवा. डांबरगोळ्या घरात माणसं वावरतात तिथे नकोत. पेटी झटकून, वाळवून, जमिनीपासून वर ठेवा, महिन्यातून एकदा उघडून पाहा. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, खाली पातळ पट्टी सरकवून टोकं सरळ करा आणि मग काढा. आणि टाचणीने जे कागद एकत्र होते ते एकत्रच राहू द्या, तारखेच्या हौसेने पत्ते पिसू नका.

तिकीटघर (लातूर)

सगळे कसं स्कॅन करायचं ते सांगायलेत, मी काय दाखवायचं नाही ते सांगतो. सभासद यादीत नाव, पत्ता, फोन आणि पुढे ‘संग्रहाचा विषय’ असा रकाना असतो की नाही? लिलावाच्या यादीत कोणता रुपया कुणी केवढ्याला घेतला ते असतं. ही दोन्ही कागदं एकत्र करून नेटवर टाकली की चोराला घरपोच पत्ता मिळाला. हयात सभासदांची कागदं स्कॅन जरूर करा, पण वेगळ्या कप्प्यात, कुलपात.

तसंच गावांचं. नाणं कुठल्या शिवारात मिळालं हे अभ्यासकाला सोन्यासारखं, कारण गाव हरवलेलं नाणं म्हणजे बाजारातला नुसता माल. पण तीच ओळ वाचून कुणी धातू शोधायचं यंत्र घेऊन रानात उकरायला जाईल. लोकांना दाखवायच्या प्रतीत तालुक्यापर्यंतच नाव ठेवा.

प्रती तीन. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या प्रकारच्या साठवणीत, एक गावाबाहेर. गावाबाहेर म्हणजे गल्लीतल्या मित्राकडे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आमच्या औसा तालुक्यातल्या घराचं धाब्याचं माळवद खाली आलं. माणसं अंगणात होती म्हणून वाचली. वडिलांची हैदराबादी तिकिटांची नोंदवही मातीत गेली आणि पुढे पावसाने तिचा लगदा झाला. आज माझ्याकडे जे आहे ते त्यांनी हौसेने पुण्याला काकाकडे पाठवलेली झेरॉक्स, पहिली चोवीस पानं. पंचविसाव्या पानापासून काय होतं ते विचारायला आता वडीलही नाहीत.

एक काम स्कॅनच्या आधी करा. त्या वहीतलं उर्दू वाचणारा माणूस शोधा, तो बहुधा म्हाताराच असणार. वही दहा वर्षं टिकेल, ऐंशीच्या घरातल्या माणसाचं सांगता येत नाही.

बियाणेवाला (परभणी)

तीन आठवड्यांनी लिहितोय. सभा झाली. रद्दीचा विषय मी निघूच दिला नाही, थेट ‘बदल अर्जाला मूळ वही लागते’ म्हणालो, सगळे गप्प. चावडी, तुमचे आभार.

माणूस मिळाला. उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर, वय शहाऐंशी, दुकानामागच्या गल्लीतच राहतात. पंचवीस वर्षं माझ्याकडून गच्चीवरच्या कुंड्यांना खत नेतात आणि मला पत्ता नाही. रोज संध्याकाळी एक तास, चहा दोनदा. ते वाचतात, मी लिहितो, माझा पुतण्या मोबाइलवर आवाज टेप करतो.

चौथ्या दिवशी गंमत झाली. मी सूचीवरून म्हटलं, मास्तर, आता ते तेरचं नाणं येईल. त्यांनी चष्मा वर केला, ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाले, हे गाव कशावरून? उर्दूत तेर आणि तीर एकसारखंच लिहितात, ‘ते-ये-रे’. पुढे आकडा आहे, मागे ‘माह’ आहे. हा महिना आहे, मियाँ.

मग सूचीतले एकोणीसही तेर काढून बसलो. अकरा ठिकाणी तो तीर महिना निघाला, म्हणजे मे-जूनच्या सुमाराचा. मास्तर म्हणाले, नांगरट त्याच दिवसांत असते, तेव्हाच रानातून वर येत असतील. आठ ठिकाणी मात्र ‘मौजा’ (गाव) शब्द आहे, ती खरी तेरची. त्या अकरांपैकी सात नाण्यांचं गाव पुढच्याच ओळीत वेगळं दिलेलं सापडलं, त्यातली तीन पैठणची. सूची करणाऱ्याने तिकडे पाहिलंच नव्हतं. उरलेल्या चारांपुढे मी काही लिहिलं नाही, रकाना रिकामा ठेवलाय. पुतण्याने आधीच सगळी सूची एक्सेलमध्ये भरून ठेवली होती. ती आता दुरुस्त करायलोय.

फोटोंचं काम चालू आहे. वीज जाते म्हणून सकाळी सहा ते आठ करतो. फूटपट्टी पहिल्या वहीत विसरलो होतो, ती चाळीस पानं उद्या परत काढणार. तिकीटघर, तिसरी प्रत लातूरला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? डिस्क एसटीने पाठवत नाही, पुढच्या महिन्यात स्वतः घेऊन येतो.