‘प्रीएम्प्ट’चा मूळ अर्थ खरेदीचा
इंग्रजीतल्या ‘प्रीएम्प्ट’चा ‘शत्रूच्या आधी हल्ला करणे’ असा अर्थ दिला जातो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण या शब्दाचे मूळ रणांगणात नसून खरेदी-विक्रीत आहे. लॅटिनमध्ये ‘प्रे’ म्हणजे आधी आणि ‘एमेरे’ म्हणजे विकत घेणे. अमेरिकेत १८४१च्या कायद्याने सरकारी जमिनीवर आधीच वस्ती केलेल्यांना १६० एकरांपर्यंत जमीन लिलावापूर्वी विकत घेण्याची मुभा दिली, आणि हे क्रियापद त्याच शतकात तिथे रूढ झाले. इंदुरात जुन्या वाड्यांच्या व्यवहारांत वकील मंडळींच्या तोंडी येणारा ‘हकशुफा’, म्हणजे इतरांच्या आधी विकत घेण्याचा हक्क, अर्थाने याच कुळातला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २२नुसार, वडील मृत्युपत्र न करता गेले आणि एका भावाने वाड्यातला आपला हिस्सा विकायला काढला, तर तो घेण्याचा पहिला हक्क त्याच्या भावाबहिणींना, आईला, म्हणजे पहिल्या वर्गातील इतर वारसांना असतो.

आजच्या वापरात ‘आक्षेप प्रीएम्प्ट करणे’ म्हणजे समोरच्याने तोंड उघडण्याआधीच त्याचे उत्तर देऊन ठेवणे. ‘प्रिव्हेंट’च्या जागी सरसकट हा शब्द वापरणे मला मुळीच पटत नाही, ‘प्रिव्हेंट’मध्ये नुसते टाळणे आहे, तर इथे दुसऱ्याची चाल ओळखून आपण आधी पाऊल उचललेले असते.