मदत हवी आहे : गाडीचा एसी पुरेसा गार करतो का, हे कसे तपासावे?

नमस्कार. परभणीत सध्या पारा चाळिशीच्या पुढे आहे आणि अशा उन्हात आजारी आईला तपासणीसाठी नांदेडला न्यावे लागते, म्हणून गाडीचा एसी नीट काम करतो की नाही, याची मला खात्री करून घ्यायची आहे.

गाडी सावलीत उभी करून, काचा लावून, आतलीच हवा फिरवणारे बटण दाबून आणि इंजिन साधारण १५०० आरपीएमवर ठेवून डॅशबोर्डवरच्या, हवा येणाऱ्या मधल्या जाळीत डिजिटल थर्मामीटर खोचला, तेव्हा बाहेर ४१ अंश सेल्सिअस असताना आकडा १४ वर स्थिरावला. मात्र गाडी सिग्नलला थांबली की हवा कोमट होते आणि वेग घेतला की पुन्हा गार होते. बॉनेटखालची जाड नळी हाताला थंडगार लागते, तिच्यावर पाण्याचे थेंब जमतात, गाडीखालीही पाणी ठिबकते. त्यामुळे गॅस फारसा कमी झाला नसावा आणि दोष कंडेन्सरच्या (एसीच्या गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या, गाडीच्या पुढच्या जाळीदार भागाच्या) पंख्यात किंवा त्याच्याच जाळीत बसलेल्या धुळीत असावा, असे मला वाटते. गॅरेजमध्ये मात्र गेज (गॅसचा दाब मोजणारे मीटर) न लावताच गॅस भरून घेण्याचा सल्ला मिळाला. गळती न शोधता नुसता गॅस भरणे मला पटत नाही.

इतक्या उन्हात १४ अंश समाधानकारक मानावेत का? पंखा पूर्ण वेगाने फिरतो की नाही, हे घरी कसे ओळखावे? कंडेन्सरच्या नाजूक पात्या न वाकवता तो पाण्याने कसा धुवावा? शिवाय एसीतल्या आर-१३४ए या गॅसचा दाब मोजताना कमी आणि जास्त दाबाच्या दोन्ही गेजवर काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.