५.४ सेमीची हेमोरेजिक सिस्ट: थांबावं की लगेच ऑपरेशन?

मुक्ता_नाशिक

धाकट्या जावेच्या अंडाशयात गाठ (सिस्ट) निघालीय, तिचा रिपोर्ट देतेय. वय ३१, एक मूल, पाळी २८ दिवसांनी, अगदी नियमित. उजवीकडे ओटीपोटात दुखलं म्हणून पाळीच्या २२व्या दिवशी, २३ ऑगस्टला सोनोग्राफी झाली. रिपोर्ट जसाच्या तसा:

"राइट ओव्हरी: ५.४ × ४.८ सेमी सिस्टिक लीजन, लेस-लाइक इंटर्नल एकोज, नो इंटर्नल व्हॅस्क्युलॅरिटी. लेफ्ट ओव्हरी नॉर्मल. मिनिमल फ्री फ्लुइड इन पीओडी. इंप्रेशन: ? हेमोरेजिक सिस्ट."

सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेसाठी करतात ती रक्ततपासणी) आलंय ४८. लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. दुखणं आता पुष्कळ कमी आहे. एक डॉक्टर म्हणतात, दोन-तीन पाळ्या जाऊ द्या. दुसरे म्हणतात, पाच सेमीच्या वर गेली, याच आठवड्यात दुर्बिणीने काढू. ४८ आकड्यामुळे घरात सगळ्यांनी कॅन्सरचा धसका घेतलाय. शिवाय गाठ विरघळवणारा एक काढाही कुणीतरी सुचवलाय. काय करावं?

सोनो_वाचक

आधी रिपोर्ट नीट वाचू. सेंटीमीटरपेक्षा गाठीच्या आत काय दिसतंय ते जास्त महत्त्वाचं.

दर महिन्याला एक बीजकोश वाढून साधारण २ ते २.५ सेमीचा होतो, फुटतो, आणि त्याच जागी कॉर्पस ल्युटियम तयार होतं. त्यात रक्त साचलं की हेमोरेजिक सिस्ट. २२वा दिवस म्हणजे नेमका तोच काळ. "लेस-लाइक" म्हणजे रक्त गोठताना झालेले बारीक तंतू, जाळीसारखे दिसतात. "नो इंटर्नल व्हॅस्क्युलॅरिटी" ही त्या रिपोर्टमधली सगळ्यात चांगली ओळ: आतल्या भागात रक्तप्रवाह नाही, म्हणजे ते जिवंत मांस नाही, गोठलेलं रक्त आहे. भिंतीभोवती प्रवाह दिसला असता तरी चाललं असतं. आत उगवलेला घट्ट उंचवटा आणि त्यात प्रवाह, असं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पीओडी म्हणजे गर्भाशयामागचा खोलगट भाग. तिथे थोडं पाणी नेहमीच सापडतं.

न जाणाऱ्या गाठी वेगळ्या. आत धुरकट काचेसारखं एकसारखं दिसलं तर चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं). चरबी, केस दिसले तर डर्मॉइड. पहिल्या सोनोग्राफीत चॉकलेट आणि हेमोरेजिक यांची गल्लत होऊ शकते, म्हणून तर पुन्हा तपासायचं.

जाता जाता: 'पीसीओडी' म्हणजे ही गाठ नव्हे. तिथे ९ मिमीपर्यंतचे पुष्कळ छोटे बीजकोश असतात, ऑपरेशनने काढण्यासारखं काही नसतं.

डॉ_ओपीडी

वर लिहिलंय त्याला धरूनच पुढचं.

पाळी चालू असलेल्या बाईत ५ सेमीच्या आतली साधी, पातळ भिंतीची, पाण्याची गाठ बहुधा तीन पाळ्यांत आपोआप जाते. ५ ते ७ सेमीची साधी गाठ असेल तर वर्षाने पुन्हा सोनोग्राफी. ७ च्या वर एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार, कारण एवढी मोठी गाठ सोनोग्राफीत पूर्ण तपासली जात नाही. तुमची हेमोरेजिक, ५ च्या थोडी वर, दुखणं उतरणीला: ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा बघायचं. "पाचच्या वर गेली म्हणून काढू" हे एवढंच कारण पुरेसं नाही.

सीए-१२५ या गाठीत करायलाच नको होतं. ३५ ही नॉर्मलची मर्यादा ठीक, पण पाळी, एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, ओटीपोटाचा जंतुसंसर्ग, गर्भारपण, कशानेही ते चढतं. पोटाच्या टीबीत तर शेकड्यांत जातं, पोटात पाणीही होतं, आणि आपल्याकडे त्यावरून कॅन्सरची भीती अनेकदा उगाच घातली जाते. ४८ वर घाबरू नका, दर महिन्याला पुन्हा करतही बसू नका.

काढ्याबद्दल: ही गाठ जाणारच असते, त्यामुळे त्या काळात जे घ्याल त्याला श्रेय मिळतं. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. त्यांनी असलेली गाठ लवकर जात नाही, हे चाचण्यांत तपासून झालंय.

दुखल्यास पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ, दोन गोळ्यांत किमान ६ तास, दिवसाला ४ पेक्षा जास्त नाही. ॲस्पिरिन नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना आजच सांगा, रक्तस्राव जास्त होऊ शकतो. घरकाम, ऑफिस चालेल. उड्यांचा व्यायाम, कपालभाती, जड वजन मात्र पुढच्या सोनोग्राफीपर्यंत नको.

आता थांबू नये अशी वेळ. एका बाजूला अचानक असह्य कळ आणि सोबत उलट्या: अंडाशयाला पीळ बसला असू शकतो. कळ थोडी ओसरून पुन्हा येते, तेव्हा "बरं वाटतंय" म्हणून घरी बसू नका. डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही असं ठरत नाही. वेळेत पीळ सोडवला तर काळंनिळं दिसणारं अंडाशयही वाचू शकतं, म्हणून रात्र असली तरी निघा, आणि निघण्यापूर्वी काही खाऊ-पिऊ नका. चक्कर, घाम, खांद्यात दुखणं, पोट फुगत जाणं असेल तर आत रक्तस्राव होतोय असं समजून निघा.

टीपीए_डेस्क

पुढे ऑपरेशन ठरलंच तर कागद बघा. संमतीपत्रावर 'सिस्टेक्टॉमी' म्हणजे फक्त गाठ, 'ऊफोरेक्टॉमी' म्हणजे अख्खं अंडाशय. ३१व्या वर्षी दुसरा शब्द दिसला तर सही करण्याआधी कारण विचारा. गर्भाशयही "सोबत काढून टाकू" म्हणाले तर दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती.

काढलेली गाठ पोटात सांडू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेर काढणार का, आणि पॅथॉलॉजीला पाठवणार का, हेही विचारा. तो रिपोर्ट आणि सोनोग्राफीच्या फिल्म जपून ठेवा. चॉकलेट सिस्ट असेल आणि अजून मूल हवं असेल तर आधी एएमएच (अंडाशयात किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून घ्या, त्या ऑपरेशनने अंडाशयाचा साठा घटतो.

विम्यात अशा गाठींसाठी बहुतेक पॉलिसींमध्ये २ वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असतो, तो आधी बघा. महात्मा फुले योजनेतलं रुग्णालय असेल तर आरोग्यमित्राला भेटून तुमची शस्त्रक्रिया यादीत आहे का ते विचारा.

रेवती_पाटील

मध्येच विचारते. सासूबाई ६२, एका बाजूला ३ सेमीची साधी पाण्याची गाठ, सीए-१२५ १४. दोन्ही अंडाशयं काढायला सांगितलीत.

डॉ_ओपीडी

पाळी गेल्यावर नियम कडक होतात, पण ही गाठ कडक नियमातही बसते. एकच कप्पा, एकच बाजू, ५ सेमीच्या आत, सीए ३५ च्या आत, त्रास नाही: ४ ते ६ महिन्यांनी पुन्हा तपासणी. वर्षभर वाढली नाही तर पाठपुरावा थांबवता येतो.

या वयात एक गुणाकार वापरतात: सोनोग्राफीचा गुण × ३ (पाळी गेल्याचा गुण) × सीए-१२५. बरेच कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी, इतरत्र पसरलेलं, यांतलं काहीच नाही तर गुण ०, एक असेल तर १, दोन किंवा अधिक असतील तर ३. सासूबाईंचं ० × ३ × १४ = ०. याउलट बरेच कप्पे आणि पोटात पाणी असतं, सीए ४० असतं, तर ३ × ३ × ४० = ३६०. २०० च्या वर गेलं की नेहमीच्या ठिकाणी पोट न उघडता थेट स्त्री-कर्करोग तज्ज्ञाकडे.

मुक्ता_नाशिक

सगळ्यांचे आभार. पुढची सोनोग्राफी नक्की कधी करू?

सोनो_वाचक

पाळीच्या ५व्या ते १०व्या दिवसात, कारण तेव्हा नवं कॉर्पस ल्युटियम नसतं. उशिरा केलीत तर नवीनच गाठ दिसून पुन्हा घोळ. शेवटची पाळी २ ऑगस्टची. पुढच्या येतील ३० ऑगस्ट, २७ सप्टेंबर, २५ ऑक्टोबर अशा. सप्टेंबरच्या पाळीनंतर केली तर जेमतेम ६ आठवडे भरतात, मधल्या वेळेत अर्धवट विरलेली दिसेल. २९ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर धरा, म्हणजे जवळपास १० आठवडे. शक्य असेल तर आतून, म्हणजे योनीमार्गातून (टीव्हीएस), आणि जुनी फिल्म सोबत न्या.