लीजवरचा घोडा खोड्या करतोय: बसत राहायचं की परत द्यायचा? (अनुभव धागा)

धागाकर्ता

घोडा विकत न घेता लीजवर घेणारे आपल्यात बरेच जण आहेत. मालकी दुसऱ्याची, खर्चाचा वाटा आपला आणि आठवड्यातले तीन-चार दिवस बसायला मिळणार, असा हा व्यवहार. मग एक दिवस घोडा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला येतो, फाटकापाशी अडतो, दुडकीतून कँटरला, म्हणजे त्याहून वेगाच्या धावेला, सोडला की दुगाण्या झाडतो. आपला असता तर निर्णय आपला असता. इथे पडणार आपण, पण डॉक्टर बोलवायचा की नाही हे ठरवणार मालक. खरी अडचण तिथेच आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक घोडा समोर ठेवू. शर्यतीतून निवृत्त झालेला सात वर्षांचा थरोब्रेड, खच्ची केलेला, लीजवर येऊन सहा आठवडे झालेले. पहिले पंधरा दिवस गरीब गाय होता, आता वरचे तिन्ही प्रकार सुरू आहेत. ज्यांचा रोजचा हात घोड्यांवर फिरतो त्यांनी लिहावं. पडण्या-झडण्याच्या कथा राहू द्या. काय तपासायचं, किती दिवस द्यायचे आणि कुठे थांबायचं, एवढं नेमकं हवं आहे.

पशुवैद्य, पुणे

‘खोड’ हा शब्द तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवा. पंधरा दिवस नीट वागलेला घोडा अचानक बदलला असेल तर आधी दुखणं शोधायचं.

तंग आवळताना घोड्याच्या तोंडाकडे पाहा. तंग पोटाला लागला की आधी कान मागे जातात. मग नाकपुडीच्या वर सुरकुती पडते, डोळ्याच्या वरचा भाग ताणला जाऊन कोनासारखा दिसतो, जबडा घट्ट मिटतो. मान त्यानंतर वळते आणि चावा सगळ्यात शेवटी येतो. पहिल्या चार खुणांकडे रोज दुर्लक्ष झालं की घोडा सरळ चाव्यावर येतो आणि लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना चावला’.

ब्रिटनमधल्या डॉ. सू डायसन यांनी स्वार बसलेला असताना घोडा वेदना कशी दाखवतो, याची २४ लक्षणांची यादी तयार केली आहे. कान पाच सेकंद किंवा जास्त मागे राहणं, दात उघडे ठेवून तोंड दहा सेकंद उघडं राहणं, शेपटीचे फटकारे, लगामाची तोंडातली कडी एका बाजूने ओढली जाणं, कँटरमध्ये पाय पुन्हापुन्हा बदलणं, ठेचकाळणं अशी ती लक्षणं आहेत. त्यातली ८ किंवा अधिक दिसली तर स्नायू-सांध्यांचं दुखणं असण्याची शक्यता बळकट होते. चालणं, दुडकी आणि कँटर यांचं दोन्ही दिशांनी दहा-एक मिनिटांचं चित्रीकरण करा आणि ते डॉक्टरांना दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा ते फार उपयोगी पडतं.

थरोब्रेडमध्ये जठरातले व्रण हमखास तपासा. शर्यतीच्या सरावातल्या घोड्यांमध्ये ते फार मोठ्या प्रमाणात सापडतात. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झरत असतं आणि वैरण चघळताना सुटणारी लाळ ते सौम्य करते. पोट तासन्‌तास रिकामं राहिलं की वरच्या अस्तराला इजा होते. खात्री दुर्बिणीनेच होते आणि त्यासाठी साधारण १६ तास उपाशी ठेवावं लागतं. ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाचा नेहमीचा कोर्स २८ दिवसांचा असतो. माणसांच्या कॅप्सूल अंदाजाने देऊ नका. तिसऱ्या आठवड्यात घोडा शांत झाला म्हणून औषध बंद केलं की दुखणं परत येतं, हे तर नेहमीच दिसतं.

दात वर्षातून एकदा तरी तपासलेच पाहिजेत. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्यांच्या आतल्या कडा झिजून धारदार होतात, गालाला आणि जिभेला कापतात. लगाम हातात घेतला की मान झटकणाऱ्या घोड्याची ‘वुल्फ टूथ’, म्हणजे दाढांच्या पुढची छोटी दातोळी, सुद्धा पाहून घ्यावी.

काही डॉक्टर दोन आठवडे वेदनाशामक देऊन वागण्यात फरक पडतो का ते पाहतात. फरक पडला तर दुखणं होतं हे कळतं. नाही पडला तरी दुखणं नाही, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

खोगिराचं काम करणारा, कोल्हापूर

शर्यतीतून आलेला घोडा सहा आठवड्यांत अंगाने बदलतो. पाठ भरते किंवा ओसरते. आल्या दिवशी बसलेलं खोगीर आज बसेलच असं नाही. तुम्ही सांगितलेल्या घोड्यात मी पहिला संशय इथेच घेईन.

मान संपते तिथल्या उंचवट्यावर, म्हणजे विदर्सवर, स्वार बसल्यानंतरही दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. पुढची कड फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या रुंद हाडाच्या, मागे असावी, नाहीतर पाय पुढे टाकताना फरा खोगिराला धडकतो. मागची कड शेवटच्या बरगडीच्या पुढेच थांबायला हवी. जास्त जाड गादी घालून ढिलं खोगीर ‘बसवणं’ हा उपाय नाही. अरुंद खोगिराखाली गादी घातली की ते आणखी चिमटतं.

सोपी चाचणी अशी. वीस-पंचवीस मिनिटं काम झालं की खोगीर सरळ वर उचला, मागे ओढू नका. घामाचा ओला ठसा दोन्ही बाजूंना सारखा हवा. ओल्यात तळहाताएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे एकतर दाब इतका आहे की घामच सुटला नाही, किंवा खोगीर पाठीला टेकतच नाही. कोणतं ते हाताने कळतं. खोगीर परत ठेवून तळहात आत सरकवा. आत शिरतो का अडकतो, ते पाहा. त्या जागी पांढरे केस असतील तर दुखणं जुनं आहे, लीजच्या आधीचं.

नालबंद, बारामती

थोडक्यात लिहितो. चार ते सहा आठवड्यांनी नाल बदललीच पाहिजे, लीजच्या घोड्याची तारीख वहीत लिहून ठेवा. ठोकल्यानंतर दोन-तीन दिवसांत घोडा बिघडला, एक खूर गरम लागला, तर खिळा जिवंत भागाला लागलेला असू शकतो. लगेच बोलवा. सपाट जमिनीवर चालताना टाच टेकण्याआधी खुराचं टोक टेकत असेल तर टाचेत दुखतंय. पावसाळ्यात तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणाच्या खाचेत काळी, घाण वासाची कुज होते. ती रोज खरवडून कोरडी केली नाही तर खडीवर घोडा अडतोच. त्याला अडेलपणा म्हणू नये.

दाणा-वैरण बघणारी, नाशिक

सगळे दुखण्याबद्दल बोलत आहेत, पण सहाव्या आठवड्यातल्या बदलामागे बऱ्याच वेळा तोबराच असतो. घोडा येतो तेव्हा बारीक आणि थकलेला असतो. त्याला खाऊपिऊ घालून अंगावर आणतात, काम मात्र आठवड्यातून तीनच दिवस.

आधी वजन काढा. तंगाच्या जागी छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा. छातीच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १८० आणि लांबी १६३ असेल तर साधारण ४४५ किलो. या घोड्याला कोरडी वैरण रोज किमान साडेसहा-सात किलो हवी, नऊपर्यंत चालते. दाणा एका वेळेला दोन किलोच्या वर नको. हरभरा आणि जई शर्यतीच्या मापाने देत असाल तर सुट्टीच्या दिवशी निम्मा करा. कुठलाही बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करा, एकदम केला तर पोटशूळ ओढवतो.

संध्याकाळी सहाला वैरण टाकून पहाटे सहाला तंग आवळणं, ही बारा तासांची पोकळी बऱ्याच तबेल्यांत असते. रात्री उशिरा बारीक भोकांच्या जाळीतून वैरण द्या. बसण्याआधी वाळलेल्या लसूणघासाची थोडी वैरण खाऊ घाला. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं आणि ते आम्लाला आवरतं.

त्याच मापाने स्वाराचं वजनही तपासा. खोगीर, बूट, हेल्मेट धरून घोड्याच्या वजनाच्या २० टक्के ही वरची मर्यादा मानतात, म्हणजे इथे ८९ किलो. पाठ कच्ची असेल तर मी १५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही.

प्रशिक्षक, मुंबई

वरचं सगळं मान्य. आता वागण्याकडे येऊ. शर्यतीच्या घोड्याला लगाम ताणला की त्यावर रेलून वेग धरायचा, हेच शिकवलेलं असतं. त्यामुळे घाबरून लगाम ओढणारा स्वार त्याला ‘पळ’ असंच सांगत असतो. स्वार चढताना उभं राहणंही त्याला माहीत नसतं, कारण तिथे जॉकीला चालत्या घोड्यावर वर उचलून देतात. यात खोड काही नाही, शिक्षण अपुरं आहे.

कारण शोधायची माझी पद्धत पायऱ्यापायऱ्यांची आहे. पहिल्या दिवशी खोगिराशिवाय लंजवर, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवत, दोन्ही दिशांनी, १८-२० मीटरच्या वर्तुळात, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. दुसऱ्या दिवशी तसंच, पण खोगीर घालून. तिसऱ्या दिवशी हलका, जाणता स्वार बसवून. बिघाड कुठल्या पायरीवर सुरू होतो ते लिहा. खोगिराशिवायही एकाच दिशेला कुरकुर असेल तर पाय. खोगीर आल्यावर असेल तर खोगीर, तंग किंवा पोट. स्वार बसल्यावरच असेल तर पाठ, वजन किंवा स्वाराचे हात. आणि फक्त फाटकापाशी, सोबतचा घोडा मागे राहिल्यावरच असेल, तर ते शिकलेलं वागणं आहे आणि शिकवून सुटतं.

अडणाऱ्या घोड्याबाबत एकच गोष्ट सांभाळायची. पायाचा दाब द्या आणि त्याने एक पाऊल पुढे टाकलं की सेकंदाच्या आत दाब काढा. दाब तसाच राहिला तर पुढे जाऊनही काही सुटत नाही, हे तो शिकतो. अडल्यावर स्वार उतरून तबेल्यात परतला, तर अडलं की सुट्टी, हे शिकतो. तीन वेळा असं घडलं की सवय पक्की.

सारंगखेड्याच्या बाजूचा

मारवाडी, काठेवाडी घोडा लीजवर असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. यांचे कान आत वळलेले आणि फार फिरणारे असतात, त्यामुळे नुसत्या कानांवरून राग ओळखू नका. नाक आणि जबडा बघा. दुसरं, आपल्याकडे नर बहुधा खच्ची न करता ठेवतात. शेजारी माजावरची घोडी बांधली असेल तर त्या दिवसाचं वागणं खोडीत मोजू नका. घोडीचा माज पाच-सात दिवस असतो आणि साधारण २१ दिवसांनी परत येतो. वहीत तारखा टाका, लगेच कळेल. आणि नाचायला शिकवलेला घोडा असेल तर लगाम वर धरला की तो पुढचे पाय उचलणारच, त्याला तेच शिकवलंय.

धागाकर्ता

आता थांबायचं कुठे, यावर लिहा. तपासणी होईपर्यंत बसत राहायचं का?

प्रशिक्षक, मुंबई

नाही. तपासणीचे दोन आठवडे स्वारी बंद. हाताने फिरवणं, रोज दोन-चार तास मोकळं सोडणं आणि खरारा, एवढंच. तिसऱ्या आठवड्यात तुमच्याआधी जाणता स्वार बसेल, तुम्ही पाहाल.

काही गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी उतरायचं आणि नवशिक्याने परत बसायचं नाही. मागच्या पायांवर उभं राहणं आठवड्यात दोनदा झालं. कुंपण न बघता उधळला. कँटरमध्ये पुढच्या पायांवर कोसळला. जमिनीवर असताना दात किंवा पाय घेऊन अंगावर आला. उभा राहणारा घोडा पाठीवर पडला तर स्वार त्याच्याखाली सापडतो, म्हणून यात ‘अजून एकदा बघू’ नाही. उभा राहिलाच तर लगाम पूर्ण सोडा, मानेला बिलगा, आयाळ धरा. खाली आला की पुढे चालवा आणि मग उतरा. उधळला तर मोकळ्या जागेत मोठं वर्तुळ हळूहळू लहान करत आणा. ओल्या जमिनीवर एकच लगाम झटक्याने ओढला तर दोघं आडवे होतील. पडल्यावर हेल्मेट बदला, वरून तडा दिसत नसला तरी.

लंडनजवळून

इथे याला ‘लोन’ म्हणतात आणि ब्रिटिश हॉर्स सोसायटीचा नमुना करार मिळतो. त्याच्या धर्तीवर मराठीत एक पान लिहून दोघांनी सह्या केल्या तरी निम्मे वाद होत नाहीत. डॉक्टर, दात, नाल यांचा खर्च कोणाचा. तातडीच्या उपचाराला मालक फोनवर न भेटल्यास परवानगी कोण देणार. घोड्यावर तुमच्याशिवाय कोण बसणार. परत देण्याची मुदत किती दिवसांची. आधीची दुखणी आणि औषधं मालकाने लिहून दिली का. इंग्लंडमध्ये घोड्याचा पासपोर्ट त्याच्याबरोबर असावा लागतो आणि १ ऑक्टोबर २०२० पासून मायक्रोचिप सक्तीची आहे. १९७१ च्या अ‍ॅनिमल्स अ‍ॅक्टखाली जबाबदारी ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याच्यावरही येते, म्हणून तिसऱ्या माणसाच्या इजेचा विमा लोनवाल्यानेही काढलेला बरा.

पशुवैद्य, पुणे

आपल्याकडच्या करारात दोन ओळी वाढवा. घोडा हलवण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची चाचणी निगेटिव्ह असल्याचा कागद, कारण हा रोग माणसालाही होतो आणि तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे. आणि धनुर्वाताच्या लशीची तारीख.

मालक तपासणीला नकार देत असेल, तर माझ्या मते पुढे विचार करण्यासारखं काही उरत नाही. दुखणं असेल तर तुम्ही ते दूर करू शकत नाही आणि नसेल तर ते कळायला मार्ग नाही. घोडा परत द्या. पण मुकाट देऊ नका. चित्रीकरण, घामाच्या ठशाचा फोटो, नालेच्या तारखा, वजनाचा आकडा आणि कुठल्या पायरीवर काय घडलं ती वही, हे सगळं मालकाच्या हातात द्या आणि त्याची एक प्रत तबेल्याच्या मोतद्दाराकडे, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याकडे, ठेवा. पुढचा स्वार त्याच घोड्यावर बसणार आहे आणि सकाळी खोगीर चढवणारा हात मोतद्दाराचाच असणार आहे.