अभ्यासक्रमातली कादंबरी, पुन्हा वाचताना

शाळा-महाविद्यालयात वाचलेली अभिजात कादंबरी पुढच्या वयात पुन्हा हाती घेतली असेल, तर दोन वाचनांत नेमके काय बदलले, हे सविस्तर लिहावे. केवळ आवडली-नावडली एवढ्यावर थांबू नये, ही विनंती.

निवृत्त प्राध्यापिका, सातारा
१८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आलेली ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आम्हांला पदवीला होती, आणि मराठी वास्तववादी कादंबरीची सुरुवात म्हणून तिच्यावर मी भरभरून उत्तरे लिहिली. पुढे आईची दृष्टी अधू झाल्यावर तीच कादंबरी मी तिला रोज दुपारी मोठ्याने वाचून दाखवू लागले. विधवा यमूचे बळजबरीने केशवपन होते, तिथवर आलो तेव्हा आईने मला थांबवले आणि तिच्या आत्याविषयी सांगितले. लाल आलवणातल्या या आत्याला मंगलकार्यात माजघराबाहेर येऊ देत नसत, हे आमच्या घरात कधीही बोलले गेले नव्हते. समीक्षेची पुस्तके मी पुष्कळ वाचली आहेत; पण यमूचे निवेदन प्रथमपुरुषी का असावे लागते, हे मला त्या दुपारी खऱ्या अर्थाने कळले.

बँक कर्मचारी, कोल्हापूर
खांडेकरांची 'ययाति' अकरावीत असताना पाठ झाल्यासारखी होती. आज तिच्यातली सुभाषिते मला थांबवतात, कथा पुढे नेत नाहीत. ज्ञानपीठाचा मान राखूनही हे सांगावेसे वाटते.

अभियंता, हॅम्बुर्ग
विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) मी महाविद्यालयात प्रेमकथा म्हणून वाचली. येथे आल्यावर, नाझींनी ज्यांना घरातून नेले त्यांची नावे आणि जन्मसाले कोरलेल्या पितळी फरशा घरांसमोरच्या पदपथावर दिसू लागल्या. त्यानंतर नायिका हेर्टाचे ज्यू असणे ही मला कथेची पार्श्वभूमी वाटेनाशी झाली. कथा ज्या बोटीवर घडते, तिथले प्रत्येक संभाषण त्यामुळेच घडते.

प्राथमिक शिक्षक, सांगली जिल्हा
व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' शाळेत असताना वाचली, तेव्हा तालीम बांधण्याचा भाग तेवढा आवडला होता. आता माझ्याच शाळेत दिवाळीनंतर मेंढपाळ कुटुंबे कळप घेऊन निघतात. पटावर नावे राहतात आणि वर्ग रिकामा होतो. दुष्काळात वाडी ओस पडते तो शेवट वाचताना, त्या तरुण मास्तराने पोरे गोळा करण्यासाठी घरोघर घातलेले हेलपाटे मला अधिक महत्त्वाचे वाटतात. नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही कादंबरी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.